हरताना उरलेला वेळ

कूलरच्या ताट्या बदलायचे दिवस पुन्हा आले. गेल्या वर्षीचा वाळा क्षारानं पांढरा पडलेला असतो, हात लावला की पापडासारखा मोडतो. तो काढायचा, जाळी घासायची, नवा बसवायचा, आणि पहिलं पाणी सोडून खोलीच्या मधोमध उभं राहायचं. ओल्या वाळ्याचा तो वास अमरावतीत कोणालाही आवडतो. मलाही आवडायचा. आता तो आला की आधी खांदे दुखायला लागतात आणि मग आठवतं, कशानं. दोन वर्षांपूर्वीचा अकोल्याचा उन्हाळा. एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंतचा. मोजायला गेलं तर दीड महिना, पण माझ्या अंगात तो अजून संपलेला नाही.

त्या मार्चमध्ये भाऊला अर्धांगाचा झटका आला. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. अकोल्यात तीस वर्षं त्यानं दिवाणी वकिली केली. घरी वऱ्हाडी, कोर्टात छापील मराठी, आणि दोन्हीकडे सारखाच सावकाश. साक्षीदाराला तो बोलू द्यायचा. त्याच्या हाताखालचे वकील सांगायचे की साहेब उलटतपासणीत कमी बोलतात, समोरचाच जास्त बोलून फसतो. हा माणूस सकाळी चहा पिताना पेला हातातून सुटला म्हणून खाली बघायला लागला, तो उजव्या बाजूनं तसाच कलंडला. दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आला तेव्हा उजवा हात निर्जीव होता, पाय ओढत होता, आणि बोलणं गेलेलं होतं.

बोलणं गेलं म्हणजे आवाज गेला नव्हता. आवाज होता, तोच जाड, घोगरा. शब्द यायचे नाहीत, किंवा भलतेच यायचे. पाणी पाहिजे असलं की "पेन" म्हणायचा. स्वतःच्या कानावर ते पडलं की डोळे मिटून घ्यायचा. मला त्या डोळे मिटण्याचीच भीती वाटायची.

वहिनी अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका. बार्शीटाकळीला रोजचं जाणं-येणं. तिची सगळी रजा दवाखान्यात संपली होती. त्यांचा मुलगा हैदराबादला, नवी नोकरी, येऊन जाऊन होता. मी अमरावतीच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. बारावीचे पेपर तपासून संपले आणि सुट्टी लागली, तशी मीच वहिनीला फोन केला, "मी येते. शाळा-कॉलेजवाल्यांना उन्हाळा कशासाठी असतो?" हे मी फार मोठेपणानं म्हटलं होतं. पहिल्या आठवड्यातच तो मोठेपणा वितळला.

अकोल्याचं ऊन अमरावतीपेक्षा वेगळं आहे असं मी म्हटलं की लोक हसतात, शंभर किलोमीटरच्या आत असा काय फरक पडणार. पण फरक आहे. तिथं सकाळी नऊलाच भिंतीला हात लावला तर भाजलेला तवा. अकरानंतर रस्त्यावर दुपट्टे बांधलेले दोन-चार दुचाकीवाले, बाकी शुकशुकाट. वहिनी सात वाजता पाण्याच्या दोन बाटल्या आणि पर्समध्ये एक कांदा टाकून निघायची. मग घरात भाऊ, मी आणि कूलरची घरघर. त्याला उठवून बसवायचं, तोंड धुवायचं, औषधं, व्यायाम, नाश्ता भरवायचा, कुशीवर वळवायचं. पाच फूट दहा इंचाचा माणूस. तो स्वतःहून डाव्या हातानं जोर लावायचा, पण त्याचा जोर आणि माझा जोर एका वेळी लागायचा नाही. दुपारी कूलरमध्ये पाणी भरायचं, लाइट गेली की टॉवेल ओला करून अंगावर टाकायचा. संध्याकाळी वहिनी घामानं मीठ झालेल्या साडीत परत यायची आणि दारातच विचारायची, "आज काही बोलले?" मी मान हलवायची. ती पदरानं तोंड पुसून सरळ स्वयंपाकघरात जायची.

या सगळ्यात माझी एक गोष्ट होती. ती त्या वेळी मी कोणाला सांगितली नव्हती, कारण लाज वाटायची. मी दिवसभर फोनवर बुद्धिबळ खेळायची. तेही सावकाशीचं नाही, तीन मिनिटांचं. दोघांना तीन-तीन मिनिटं. घड्याळ शून्यावर आलं की पटावर तुमचे कितीही मोहरे असोत, तुम्ही हरलात. समोर कोण असतो माहीत नसतं. एक नाव, एक झेंडा. मोरोक्कोचा कोणी, पेरूचा कोणी. डाव संपला की तो जगात कुठंतरी विरून जातो आणि दुसरा येतो.

बुद्धिबळ मला भाऊनंच शिकवलं होतं, अमरावतीच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. तो एकेका खेळीला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात माझं शुद्धलेखनाचं पान लिहून व्हायचं. मी वैतागून म्हणायची, "खेळ ना आता!" त्यामुळे असेल, तीन मिनिटांचा खेळ सापडला तेव्हा मला वाटलं, हा माझा खेळ. लॉकडाउनमध्ये सुरुवात केली. वर्ष-दीड वर्षात माझं गुणांकन चौदाशेच्या वर गेलं. ते काही थोर नाही, पण चाळिशी उलटलेल्या गणिताच्या बाईला त्याचा गुपचूप अभिमान होता.

अकोल्यात ते गुणांकन पडायला लागलं. दूध उतू जाईपर्यंत एक डाव. भाऊच्या पायाला शेकाची पिशवी लावली की ती निवेपर्यंत तीन डाव. हरले की लगेच दुसरा, तो हरले की तिसरा. मला जिंकायचं नव्हतं, त्या खोलीतून तीन मिनिटं बाहेर जायचं होतं. तेराशे, साडेबाराशे, अकराशे नव्वद. एकदा माझ्याकडे वजीर आणि दोन प्यादी होती, समोर नुसता एकटा राजा. शिकाऊ मुलानंही जिंकला असता असा डाव. मी धडाधड खेळत गेले आणि त्याला हलायला एकही घर ठेवलं नाही, शहही दिलेला नव्हता. डाव बरोबरीत सुटला. मी फोन उशीवर आपटला. भाऊ जागा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि तोंडाचा डावा कोपरा किंचित हलवला. झटक्यानंतरचं ते त्याचं पहिलं हसू होतं, आणि ते माझ्यावर होतं.

आठवड्यातून दोनदा वाचा-उपचाराच्या मॅडम यायच्या. वयानं लहान, पण आवाजात घाई नाही. त्या भाऊसमोर चित्रं ठेवायच्या, कप, छत्री, सायकल, आणि थांबायच्या. नुसत्या थांबायच्या. मला ते बघवायचं नाही. एकदा भाऊ "छ... छ..." वर अडकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "छत्री."

मॅडमनी मला बाहेरच्या खोलीत नेलं. "ताई, तुम्ही दिवसभर असंच करता का?"

"कसं?"

"त्यांचं वाक्य तुम्ही संपवता."

"त्याला त्रास होतो ना. चेहरा लाल होतो."

"होऊ द्या. त्यांना शब्द माहीत आहेत. रस्ता खचलाय, म्हणून लांबून वळसा घालून येताहेत. तुम्ही मध्येच जाऊन हात ओढला की ते पुन्हा मूळ जागी. मनात दहापर्यंत मोजत जा. मग बोला."

मी हो म्हटलं. मोजायलाही लागले. पण गणिताच्या बाईचे दहा तीन सेकंदांत होतात.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात गिरजाबाई आल्या. बार्शीटाकळीजवळच्या एका खेड्यातल्या. साठीच्या, एकट्या, अंगानं काटक, डोक्यावरून पदर आणि त्यावर ओला रुमाल. शेजारच्या शेतकऱ्यानं धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, त्यांच्या शेतात सरकवला असा दावा होता. भाऊ सहा वर्षं तो चालवत होता. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी होती, सुट्टी उघडली की जूनमध्ये तारीख. त्या विचारायला आल्या होत्या की साहेब उभे राहतील का.

आल्या आणि जमिनीवरच बसल्या. खुर्ची नको म्हणाल्या. "वकीलसायेब, मले वळखलं का?"

भाऊनं मान हलवली. एकदम अंगात काही आल्यासारखा तो उशीवरून पुढं झाला. डावा हात वर केला. "मो..."

"काय म्हनता सायेब?"

"मो... मोक... मो..." मानेच्या शिरा फुगल्या. डोळे गिरजाबाईंवर. कपाळावर घाम. मी पाहत होते आणि मला ते सहन होत नव्हतं. रक्तदाब वाढेल, पुन्हा काही होईल, असं काय काय मनात आलं. आणि खरं सांगायचं तर कुकर लावायचा राहिला होता.

"मोकळं," मी म्हटलं. "भाऊ म्हणतोय, तुम्ही मोकळ्या आहात. दुसरा वकील करा. त्याच्यानं आता होणार नाही."

भाऊचा हात खाटेच्या कठड्यावर आपटला. एकदा, दोनदा. मला वाटलं, दुःख होतंय त्याला, इतक्या वर्षांची केस हातातून जातेय.

गिरजाबाई काही वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं सायेब. तुमी म्हनता तं तसं." कपाटातली फाइल मीच काढून दिली. त्यांनी ती ओच्यात बांधली, दारातून वळून खाटेला नमस्कार केला आणि त्या उन्हात निघून गेल्या.

त्यानंतर भाऊनं तोंड उघडणं बंद केलं. मॅडम चित्रं घेऊन आल्या, त्यानं भिंतीकडे मान वळवली. वहिनीनं विचारलं, "काय झालं यांना?" मी म्हटलं, "केस गेली म्हणून." मी हे इतक्या खात्रीनं सांगितलं की तिनंही मानलं. दोन घास खायचा आणि ओठ मिटायचा. मी बाजूला बसून फोनवर हरत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ओळीनं अकरा डाव हरले. मग मात्र माझ्यातल्या मास्तरणीला राग आला. वर्गात पोरगं एकच चूक अकरा वेळा करतं तेव्हा मी काय सांगते? वही काढ, चुका लिही. मी भाऊच्या टेबलावरची एक लांब कोरी वही घेतली आणि महिन्याभरातले हरलेले डाव एकेक उघडून बघायला बसले. अॅप सगळं जपून ठेवतं, कोणती खेळी किती सेकंदांत केली तेसुद्धा.

पहिली गोष्ट पाहून मी चक्रावले. मला वाटायचं मी वेळ पुरत नाही म्हणून हरते. खोटं होतं. बहुतेक डाव मी हरले तेव्हा माझ्या घड्याळात दीड-पावणेदोन मिनिटं शिल्लक होती. वेळ असून मी तो वापरलाच नव्हता. दुसरी गोष्ट, एक घोडचूक झाली की पुढची दोन-तीन खेळींत ठरलेली. पहिल्या चुकीची लाज झाकायला मी आणखी जोरात पळत होते. तिसरी, जिंकत आलेला डाव मला संपवता येत नव्हता, कारण शेवटी थोडे मोहरे उरले की मला कंटाळा यायचा. हे सगळं मी लिहीत गेले. सुधारणा काय, तेही लिहिलं. हरल्यावर लगेच दुसरा डाव लावायचा नाही. सुरुवात रोज एकाच पद्धतीची ठेवायची. हत्ती आणि राजा यांची शेवटची लढत शिकायची. वर्गात फळ्यावर लिहावं तसं, आकडे घालून.

चौथ्या गोष्टीपाशी माझं पेन थांबलं.

या खेळात एक सोय असते. समोरचा अजून विचार करत असताना तुम्ही तुमची पुढची खेळी आधीच लावून ठेवू शकता. तो काय खेळणार हे तुम्हाला माहीत आहे असं धरून. त्यानं खेळताक्षणी तुमची खेळी आपोआप होते, सेकंदही जात नाही. मी त्या सोयीवर फार खूश होते. आणि वहीत दिसत होतं की माझे वजीर, माझे हत्ती, सगळे तिथंच मेलेत. समोरचा मला वाटलं ते खेळलाच नव्हता. त्यानं दुसरंच काही केलं होतं. माझं उत्तर मात्र आधीच ठरलेलं, ते जाऊन पडलं त्याच्या तोंडात.

मी मान वर केली. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. कूलरचं पाणी टपटपत होतं.

मो. मोक. मोकळं, हे मी म्हटलं होतं. त्यानं नव्हतं म्हटलं.

मी खुर्ची उचलून खाटेच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला नेली, म्हणजे त्याचं तोंड माझ्याकडे येईल.

"भाऊ, त्या दिवशी गिरजाबाईंले तुले काय सांगायचं होतं?"

त्यानं डोळे उघडले. बराच वेळ नुसता बघत राहिला. मला वाटलं आता पुन्हा मिटेल. मग ओठ हलले. "मो..."

मी हात मांडीखाली दाबून ठेवले. तोंडात येणारे शब्द गिळले. दहा झाले, वीस झाले, चाळीस झाले. मॅडमसारखं शांत थांबणं मला जमत नव्हतं, माझ्या आत सगळं ओरडत होतं. पण तोंड बंद ठेवलं.

"मोज... मोजणी."

मी नुसती मान हलवली. 'शेताची मोजणी बरोबर आहे का, चूक आहे का, कोणाची मोजणी' हे सगळे प्रश्न आले आणि गेले.

"पुन्हा..." त्यानं श्वास घेतला. "माग." आणि मग फार वेळानं, एकेक शब्द ओझं उचलून आणल्यासारखा, "नोटीस... तिले... नाई भेटली."

किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. पिशवीतलं शेकाचं पाणी कधीच निवून गेलं होतं. भाऊच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माझ्याही. पण त्याचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा सैल झाला होता.

संध्याकाळी वहिनी आली तेव्हा मी तिला दारातच सगळं सांगितलं. माझं काय चुकलं तेही. ती चप्पल काढता काढता थांबली. मग एवढंच म्हणाली, "उद्या माझ्यासोबत चला, ताई. त्यांच्याजवळ शेजारच्या काकू बसतील."

बार्शीटाकळीपर्यंत वहिनीसोबत, पुढं ऑटोनं. काळी जमीन उन्हानं उकललेली, भेगा पाय जाईल एवढ्या. गिरजाबाई घराच्या सावलीत तूर निवडत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

"बसा," म्हणाल्या. "पानी पेता?"

मी पाणी प्याले आणि विचारलं, नवीन वकील केला का.

"केला. तो म्हने, मोजनी तुमच्या इरुद्ध हाये, तडजोड करून टाका. सोमवारी जाऊन आंगठा द्याचा हाये." सुपातली तूर त्यांनी जोरानं पाखडली. "सहा साल वकीलसायेबाच्या भरोशावर रायली मी. अन् सायेबानं मले असं हाकलून देलं."

"त्यानं नाही हाकललं," मी म्हटलं. "मी हाकललं."

सूप थांबलं. "तुमी? काहून?"

काय सांगणार होते? कुकर लावायचा होता म्हणून? "त्याचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत मीच बोलले. तो मोजणी म्हणत होता. मी मोकळं म्हटलं. मोजणी झाली तेव्हा तुम्हाला नोटीस मिळाली नव्हती ना?"

"कुठची नोटीस? तो कागद जुन्या घराले चिटकवला होता म्हने. थ्या घरात कोनी राह्यतच नाई. मले तं मोजनी झाल्यावर समजलं."

"तेच सांगायचं होतं त्याला. की पुन्हा मोजणी मागा."

गिरजाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली. मला वाटलं त्या शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या उठल्या, आतून धुतलेलं लुगडं नेसून आल्या, दाराला कडी घातली. "चाला. मले सायेबाच्या तोंडून आयकाचं हाये."

दुपारी दीड वाजता त्या भाऊच्या खाटेपाशी पुन्हा जमिनीवर बसल्या. भाऊ थकलेला होता, शब्द आदल्या दिवसापेक्षाही अवघड झाले होते. "मोजणी" यायलाच किती तरी वेळ लागला. मध्ये एकदा तो "पेन" म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले. मी कासावीस झाले. गिरजाबाई तशाच बसून, हात गुडघ्यांवर, पापणी न हलवता. मी हळूच म्हटलं, "वेळ लागतो त्याला."

"लागू द्या ना," त्या म्हणाल्या. "कोर्टात बसून बसून मले वाट पाहाची सवय हाये. सायेब, तुमी बोला. मी इथीच हावो."

आणि भाऊ बोलला. सगळं. मी एक अक्षर मध्ये घातलं नाही. त्यानं सांगितलं ते मी मागाहून कागदावर उतरवलं, त्याला वाचून दाखवलं, एका जागी त्यानं डाव्या बोटानं खोडायला लावलं, आणि तो कागद घेऊन गिरजाबाई नव्या वकिलाकडे गेल्या. सोमवारी अंगठा दिला नाही.

पुढची मोजणी पिकं निघाल्यावर झाली. धुरा सगळा त्यांच्या बाजूनं लागला नाही, पण विहिरीकडचा तुकडा परत मिळाला. गिरजाबाई नव्या तुरीची डाळ घेऊन आल्या होत्या म्हणे, मी तेव्हा अमरावतीत होते, सराव परीक्षेचे पेपर तपासत. हे सगळं चांगलं झालं असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. माझ्या मनात येतं, ते सोमवारपर्यंत कळलं नसतं तर काय झालं असतं. माणूस बरा करायला गेलेली बाई त्याच्या तोंडातला घास काढून दुसऱ्यालाच भरवत होती, महिनाभर, आणि वर दमले म्हणत होती. दमले होते हे खरं होतं. तेच जास्त त्रास देतं.

भाऊ कोर्टात परत उभा राहिला नाही. काठी घेऊन चालतो. कधी वकील मित्रांकडे जाऊन बसतो, चहा डाव्या हातानं पितो. शब्द येतात, पण ओळीनं येत नाहीत, आणि अनोळखी माणसासमोर तर मुळीच नाहीत. मॅडम म्हणतात, जेवढं यायचं तेवढं बहुतेक आलं. वहिनीची निवृत्ती अजून चार वर्षं दूर आहे. रोज सातला निघते.

आणि माझा खेळ? खेळी आधीच लावून ठेवायची ती सोय मी बंद करून टाकली. समोरच्याची खेळी झाली की बोट मागं घेते, तीन मोजते, खरे तीन, आणि स्वतःला विचारते, यानं हे का केलं? काही महिने गुणांकन चढलं, तेराशे ऐंशीपर्यंत गेलं. मग पुन्हा घसरलं, कारण आता माझा वेळच संपायला लागला. जिंकत असताना घड्याळ शून्यावर. आता हरते तेव्हा एक सेकंदही उरलेला नसतो. सध्या साडेबाराशेच्या आसपास लोंबकळते आहे. शेवटच्या लढतीही शिकायच्या राहिल्याच. हरल्यावर लगेच दुसरा डाव लावायचा नाही हा नियम मी निम्म्या वेळा मोडते. वही अजून जवळ आहे. त्यात नवीन फार काही लिहिलेलं नाही. माणूस वहीनं सुधारतो असं मी पोरांना अजूनही सांगते, पण पूर्वीसारखं ठासून नाही.

परवा सुट्टी लागली. वहिनीच्या गुडघ्याचं दुखणं वाढलंय, म्हणून यंदाही पंधरा दिवस अकोल्याला जायचं ठरवलं. अमरावतीच्या बसस्थानकावर साडेदहाची गाडी लागलेली होती. डोक्याला दुपट्टा, एका हातात पिशवी, खांद्यावर दुसरी. पाय पायरीवर ठेवला आणि फोन वाजला. भाऊचा. स्वतःहून फोन तो क्वचितच करतो. फोनवर समोरचा दिसत नाही, म्हणून त्याला जास्त अवघड जातं.

"बोल भाऊ."

"ये..." मग शांतता. मागं माणसं ढकलत होती. मी पायरीवरून खाली उतरले, बाजूला झाले. "येता... येतानी..."

कंडक्टर ओरडला, "ओ बाई, अकोला ना? चढा, गाडी सुटून राहिली!"

मी हातानं त्याला थांब म्हटलं. तो थांबणार नव्हता, त्याचंही बरोबर होतं. घंटी वाजली. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, येताना काय आणू, औषध आणू का, आंबे आणू का. फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. गाडी मागं सरकली, वळली, फाटकातून बाहेर गेली. तिच्या धुळीत मी डोळे बारीक करून उभी राहिले. पुढची गाडी सव्वातासानं.

"येतानी... सांबार आन," भाऊ म्हणाला. सांबार म्हणजे कोथिंबीर. "इथला... सारा... वाळून गेला."

पूर्ण वाक्य होतं. कुठंही भलता शब्द नाही. उन्हानं स्थानकाचं डांबर चिकट झालं होतं, आणि मी तिथं कोथिंबिरीसाठी रडत उभी होते. बाजूची बाई विचारायला लागली, काय झालं, कोनी गेलं का? मी मान हलवली, नाही.

"आणते," मी फोनमध्ये म्हटलं.

त्यानं फोन ठेवला नाही. श्वास ऐकू येत होता. "अन्..." तो म्हणाला.

मी पिशव्या खाली ठेवल्या.